युवक कार्यक्रमांतून आरोग्यदायी सवयी : पादांशिक क्रमाचा विचार

आपल्यापैकी बहुतेक वैद्यांना वर्षातून दोन-तीन वेळा तरी शाळा-महाविद्यालयांतून व्याख्यानाचे निमंत्रण येते. १२ जानेवारीचा राष्ट्रीय युवा दिन असो, २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन असो, किंवा २०२५ पासून २३ सप्टेंबर हा दिनांक निश्चित झालेला आयुर्वेद दिन असो. प्राचार्यांचा दूरध्वनी येतो, सभागृह भरते, ‘दिनचर्येचे महत्त्व’ या विषयावर आपण पाऊण तास बोलतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो आणि टाळ्यांच्या गजरात कार्यक्रम संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सभागृहातील किती मुले नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठली, हे मात्र आपण कधी विचारलेले नसते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे विचारले नव्हते.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका हिवाळी शिबिरात असेच व्याख्यान झाले. ब्राह्म मुहूर्ताचे गुणगान संपल्यावर मागच्या रांगेतील एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, मी रात्री एकला झोपतो. चारला उठलो तर तीनच तास झोप होईल. मग मी नेमके काय करायचे?” सभागृहात हशा पिकला. मीही हसून “लवकर झोपायचे,” असे उत्तर दिले. परतीच्या वाटेवर मात्र ते उत्तर मलाच टोचू लागले. रुग्णाला ‘बरा हो’ असे सांगणे ही जशी चिकित्सा नव्हे, तसेच ‘लवकर झोप’ हे सांगणे म्हणजे सवय लावणे नव्हे. त्या मुलाने साध्याविषयी शंका घेतलीच नव्हती. त्याने उपाय विचारला होता, आणि तोच माझ्यापाशी नव्हता. निदान मला तेव्हा तसे वाटले. वस्तुतः तो उपाय आपल्या संहितांमध्ये स्पष्ट सांगितलेला आहे. आपण तो पदवी परीक्षेपुरता पाठ केला आणि नंतर विसरलो.

विषयाची निकड

किशोर व युवा वयातील अनारोग्याचे चित्र आपण रोज चिकित्सालयात पाहतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्येही हे प्रमाण ३१.१ टक्के होते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातील १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले. याच वयात अम्लपित्त, मलावष्टंभ, आर्तवदुष्टी आणि स्थौल्य घेऊन येणारी मुले आता आपल्याला नवीन राहिलेली नाहीत. यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एखादा दुर्धर व्याधी नसतो. विषमाशन, अध्यशन, रात्रिजागरण, वेगधारण आणि अव्यायाम हाच हेतुसमुच्चय असतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राला येथे मोठे कार्यक्षेत्र आहे.

कार्यक्रमांची वानवा आहे, असेही नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी तिची रचना आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी आरंभला. १० ते १९ वयोगटासाठी असलेल्या या कार्यक्रमात पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार यांचा समावेश आहे, आणि समवयस्क मुलामुलींमधूनच प्रशिक्षित मार्गदर्शक निवडण्याची सोय आहे. २०२० साली आयुष्मान भारत योजनेत शालेय आरोग्य कार्यक्रम आला व प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांवर आरोग्यदूताची जबाबदारी देण्याचे ठरले. राष्ट्रीय आयुष अभियानात तर ‘आयुर्विद्या’ या नावाने शालेय विद्यार्थ्यांच्या जीवनशैलीचाच उपक्रम आहे. चौकट उपलब्ध आहे. तिच्यात आपण काय भरतो, हा खरा प्रश्न आहे.

केवळ उपदेश का फसतो?

अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ हा व्यसनविरोधी शालेय कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी वर्गावर येऊन अमली पदार्थांचे दुष्परिणाम समजावून सांगत. कार्यक्रम अतिशय लोकप्रिय झाला. परंतु पुढे त्याचे जे मूल्यमापन झाले, त्यात विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष वर्तनावर टिकाऊ परिणाम झाल्याचे आढळले नाही. मुलांना माहिती मिळाली, सवय बदलली नाही.

याउलट आईसलँड या लहानशा देशाचा अनुभव उद्बोधक आहे. १९९८ मध्ये तेथील १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात एकदा तरी मद्याची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण २३ वरून ३ टक्के झाले. तेथे व्याख्यानांवर भर नव्हता. मुलांना खेळ, संगीत व कलांचे नियमित वर्ग उपलब्ध करून दिले, त्यांच्या शुल्कासाठी कुटुंबांना साहाय्य दिले, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर मर्यादा आणल्या आणि पालकांनी मुलांसोबत अधिक वेळ घालवावा, यासाठी शाळांमार्फत त्यांच्यात सहमती घडविली. थोडक्यात, त्यांनी मुलांचा दिनक्रमच बदलला.

हे आपल्या प्रदेशाला सर्वस्वी अपरिचित नाही. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो केवळ भाषणांनी नव्हे. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांच्या दैनंदिन कार्यक्रमात त्यांनी सूर्यनमस्कारांना स्थान दिले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केले. तेथेही तरुणांना प्रथम मैदान मिळाले. सवयीला वेळ, जागा आणि सोबती लागतात. व्याख्यानातून यांपैकी एकही मिळत नाही.

पादांशिक क्रम : आपल्याच शास्त्राचे साधन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार कसा करावा, याचा विधी आला आहे. अंगवळणी पडलेले अहितसुद्धा एकाएकी सोडू नये; त्याचा चतुर्थांश सोडावा आणि तेवढाच हितकर अंश घ्यावा; मग एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत पुढची पायरी चढावी, असा त्याचा आशय आहे. अष्टांगहृदयाच्या अन्नरक्षाध्यायात वाग्भटाचार्य आणखी सौम्य मार्ग देतात. चतुर्थांश न झेपल्यास त्याचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग सोडावा. सहसा केलेला बदल, मग तो पथ्याचा का असेना, विकारास कारण होतो. क्रमाने घालविलेले दोष परतत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण स्थिर होतात, असे दोन्ही आचार्यांचे प्रतिपादन आहे. ओकसात्म्याची संकल्पना मान्य करणाऱ्या शास्त्राकडून याहून वेगळी अपेक्षा करता येणार नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेने जाते. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी खाण्यापिण्याची वा व्यायामाची एकेक साधी सवय निवडून ती रोज पाळली. ती आपोआप घडू लागण्यास लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत आढळला. मध्यमान ६६ दिवसांचे होते. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय बाधा येत नाही, हेही त्यात दिसले. हा शेवटचा मुद्दा युवकांच्या बाबतीत फार मोलाचा आहे, कारण एक दिवस चुकला की ‘आता सगळेच बिघडले’ म्हणून सोडून देणारेच अधिक असतात.

या दोन्हींच्या आधारे आम्ही काही सहकाऱ्यांनी बारा आठवड्यांची आखणी केली. चार पाद आणि प्रत्येक पादास तीन आठवडे, असे ८४ दिवस होतात. संहितेतील अंतर दिवसांचे आहे आणि त्याच्या गणनेविषयी टीकाकारांत मतभेदही आहेत. तीन आठवड्यांचे अंतर ही आमची सोय आहे, ती ग्रंथोक्त मानू नये. रविवारची सुट्टी, घरचे लग्नकार्य, चाचणी परीक्षा यांतून एकेक पायरी पार पडण्यास एवढा अवधी लागतो, असा अनुभव आला.

चार सवयी

निद्रा : वर उल्लेखिलेल्या मुलापासूनच आरंभ केला. झोपण्याची वेळ रात्री एक, साध्य अकरा. अंतर दोन तासांचे, म्हणजे पाद अर्ध्या तासाचा. पहिले तीन आठवडे साडेबारा, एवढेच बंधन. सकाळी उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून रविवारीही एकच ठेवावी आणि दिवास्वाप टाळावा, म्हणजे रात्री झोप आपोआप अलीकडे येते. भ्रमणध्वनी झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे हा यातील सर्वांत कठीण व सर्वांत फलदायी भाग आहे. किशोरवयात झोपेची नैसर्गिक वेळ काहीशी पुढे सरकते आणि या वयाला आठ ते दहा तासांची निद्रा आवश्यक असते, हे आपण ध्यानी घ्यावे. ब्राह्म मुहूर्ती उठण्याचा उपदेश स्वस्थासाठी आहे. अष्टांगसंग्रहात तर उठताना अन्नाच्या जीर्णाजीर्णत्वाचा विचार करण्यास सांगितले आहे. अपुऱ्या झोपेच्या मुलाला चारला उठविणे ही शास्त्रनिष्ठा नव्हे.

आहार : येथे ‘बाहेरचे बंद’ हा आदेश चालत नाही. आठवड्यातून चार वेळा वडापाव व शीतपेय घेणाऱ्याने प्रथम एक वेळ कमी करावी आणि त्या जागी शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, थालीपीठ किंवा ताक घ्यावे. त्याग आणि स्वीकार एकाच वेळी घडला पाहिजे. रिकामी जागा ठेवली की जुनी सवय परत येते. तीनशे मिलिलिटर शीतपेयात सुमारे तीस ग्रॅम साखर असते. सहा चमचे साखर प्रत्यक्ष वाटीत काढून दाखविल्यास तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक काम होते. मुलींच्या बाबतीत जेवणाबरोबरचा चहा बंद करणे ही पहिली पायरी ठेवावी, कारण चहाने अन्नातील लोहाचे शोषण घटते. शाळेतून मिळणाऱ्या साप्ताहिक लोह व फोलिक आम्लाच्या गोळीस आपण विरोध करू नये. पांडुरोगातील आपली चिकित्सा आणि ती गोळी एकमेकींच्या वैरी नाहीत.

व्यायाम : जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी साठ मिनिटांची मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल सुचविली आहे. यातही पाद पंधरा मिनिटांचा होतो, हा सुखद योगायोग. पंधरा मिनिटांच्या सूर्यनमस्कारांपासून किंवा जलद चालण्यापासून आरंभ करावा. व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात अवजड वजने उचलून खांदे दुखावणारी मुले आपण पाहतो. त्यांना अर्धशक्तीची लक्षणे शिकवावीत. ललाट, नाक व कक्षा या ठिकाणी घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबावे. हे निकष युवकांना चटकन समजतात आणि आवडतात.

वेगधारण : हा विषय आमच्या मूळ आखणीत नव्हता, मुलींनी तो आणला. पाणी कमी का पिता, असे विचारता बराच वेळ कोणी बोलेना. अखेर एकीने सांगितले की, मुलींचे स्वच्छतागृह बहुधा कुलूपबंद असते, किल्ली शिपायाकडून मागावी लागते, म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून त्या पाणीच पीत नाहीत. चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र आणि तृष्णा हे दोन वेग त्या मुली रोज सहा-सात तास अडवीत होत्या. वारंवार मूत्रदाह घेऊन येणाऱ्या मुलींना मी चंद्रप्रभा वटी देत आलो होतो. कुलुपाविषयी मात्र कधी विचारले नव्हते. आम्ही प्राचार्यांना भेटलो, किल्लीची पद्धत बंद झाली, स्वच्छतेची पाळी लागली. त्या बारा आठवड्यांत सर्वांत शीघ्र फळ मिळालेला उपाय हाच. यात कोणाही मुलीला स्वतःची सवय सुधारायची नव्हती. सवय संस्थेची सुधारायची होती.

कार्यक्रमाची प्रत्यक्ष आखणी

अनुभवांती पुढील बाबी उपयुक्त ठरल्या.

१) गट वीस-पंचवीस जणांचाच असावा. दोनशे जणांसाठी व्याख्यान होते, कार्यक्रम होत नाही.

२) आरंभी एक आठवडा कोणताही उपदेश न करता केवळ नोंद ठेवावी : झोपेची वेळ, खाणे, चालणे, पाणी. पुष्कळ मुलांना स्वतःची दिनचर्या त्या आठवड्यातच प्रथम दिसते.

३) प्रत्येकाने एकच सवय निवडावी आणि ती स्वतः निवडावी. पहिली स्थिर झाल्याशिवाय दुसरी घेऊ नये.

४) गटप्रमुख त्यांच्यातलाच असावा. वैद्याने आठवड्यातून एकदा अर्धा तास जावे. रोजची विचारपूस मित्राने करावी.

५) पायरी चुकल्यास त्याच पायरीवर पुन्हा उभे राहावे. दंड, उपहास वा फलकावर नावे लावणे पूर्णतः टाळावे.

६) पालकांची एक बैठक आवश्यक. घरात दूरदर्शन संच रात्री बारापर्यंत चालू असेल, तर एकट्या मुलाने झोपेचा नियम पाळणे अशक्य आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्ततपासणीसाठी पालकांची संमती घ्यावी.

७) मूल्यमापन समारोपाच्या दिवशी न करता त्यानंतर तीन महिन्यांनी करावे.

आपल्या मर्यादाही ओळखाव्यात. तीव्र रक्तक्षयाच्या मुलीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मद्याच्या आहारी गेलेल्या युवकाने ते एकाएकी थांबविणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून त्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठेवावे. नैराश्य किंवा आत्मघाताचे विचार व्यक्त करणाऱ्या मुलास केवळ ब्राह्मी-शंखपुष्पी देऊन घरी पाठवू नये. शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर तंबाखूमुक्तीसाठीची मार्गदर्शन सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठाच्या आत छापावेत.

फार्मसीचालकांस विनंती

आता थोडे अप्रिय, परंतु बोलणे भाग आहे. पूर्वी एका शिबिरात एका औषधनिर्मात्याने स्मृतिवर्धक सिरपच्या नमुना बाटल्या वाटण्याची इच्छा व्यक्त केली व मी आनंदाने होकार दिला. परीक्षा महिन्यावर आली होती. दोन-तीन आठवड्यांनी एक माता आपल्या मुलाला घेऊन चिकित्सालयात आली. मुलाला शिरःशूल, अम्लोद्गार व चिडचिड होती. तो रोज रात्री तीनपर्यंत अभ्यास करीत होता आणि जागरणाची भरपाई म्हणून ते सिरप दुप्पट मात्रेत घेत होता. “तुम्हीच तर वाटले होते,” असे ती म्हणाली. सिरपमध्ये दोष नव्हता. दोष माझा होता. निद्रेचे महत्त्व सांगणाऱ्या व्यासपीठावरूनच मी जागरणाची सोय वाटली होती.

तेव्हापासून एक नियम पाळतो. युवक कार्यक्रमाच्या ठिकाणी कोणतेही उत्पादन विकायचे नाही, वाटायचे नाही व त्याचा फलक लावायचा नाही. या वयातील मुले उंची वाढविण्याची, वजन वाढविण्याची वा उतरविण्याची औषधे मागतात. उंची व स्थौल्य यांवरील औषधांच्या जाहिरातींना औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ अन्वये मनाई आहे, हे आपण जाणतोच. परंतु कायद्यापेक्षा विश्वासाचा प्रश्न मोठा आहे. वैद्य सवय शिकवायला आला की माल खपवायला, हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळते.

मग फार्मसीचालकांनी काय करावे? नोंदवह्या छापून द्याव्यात. दुकानात वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी विनामूल्य ठेवावी. आपल्या परिसरातील शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्यांचे उल्लंघन दिसल्यास मुख्याध्यापकांच्या निदर्शनास आणावे. बाजारपेठेतील दुकानदाराच्या शब्दाला जे वजन असते, ते बाहेरून आलेल्या व्याख्यात्याच्या शब्दाला नसते. यात तत्काळ लाभ नाही, हे मान्य. परंतु आज ज्या मुलाला आपण अनावश्यक बाटली विकली नाही, तो उद्या खऱ्या व्याधीसाठी आपल्याकडेच येईल.

समारोप

ज्या मुलाच्या प्रश्नापासून हे सर्व सुरू झाले, त्याची झोपेची वेळ बाराव्या आठवड्याअखेर साडेअकरावर आली. अकरापर्यंत ती आली नाही. गटातील काही मुलांनी मधूनच वही परत केली, काहींची सवय परीक्षेच्या काळात मोडली. हे यश अपुरे आहे, पण खरे आहे. पूर्वीच्या शेकडो टाळ्यांपैकी एकीनेही कोणाची झोप अर्ध्या तासाने अलीकडे आणल्याचे मी सांगू शकत नाही.

वैद्यबंधू-भगिनींनो, पुढील वेळी प्राचार्यांचा दूरध्वनी येईल तेव्हा पाऊण तासाचे निमंत्रण नम्रपणे बाजूला ठेवून बारा आठवडे मागा. आठवड्यातून अर्धा तास, म्हणजे एकूण सहा तास. एका तालुक्यात पाच वैद्यांनी एकेक गट घेतला, तरी वर्षाकाठी शे-सव्वाशे घरांत दिनचर्या हा शब्द भाषणातून उतरून व्यवहारात येऊ शकेल. तेवढा पाद तरी आपण आपल्या सवयीतून सोडावा आणि तेवढाच नवा स्वीकारावा, ही विनंती.